रोटी मायची, हात आमचे

आम्ही भाताची माणसं. केशोरीकडच्या आमच्या पट्ट्यात सकाळी भात, रात्री भात, आणि पाहुणा आला तर जास्तीचा भात. गव्हाची रोटी आमच्याकडे येते ती लग्नाला. पाहुणीसारखी येते, कौतुक करून घेते आणि मांडव उतरला की निघून जाते. ही लग्नातली लांब रोटी करणाऱ्या बाईला गावात वेगळा मान असतो. माझी आई ती बाई आहे. तिला आम्ही माय म्हणतो, म्हणून इथंही तसंच लिहिते.

या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मला थोडी लाजच वाटली. अशा आठवणी लिहिणारे लोक मोठे असतात. कोणी मास्तर असतात, कोणी पोस्टातून निवृत्त झालेले असतात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लेख कसा लिहायचा हे विचारायलाही घरात कोणी नाही. पण रोटीच्या चुलीपुढे मी शाळेत असल्यापासून उभी आहे. त्यावर लिहायला हरकत नसावी, असं वाटलं.

ज्यांनी लांब रोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी ती सांगते. या रोटीला पोळपाट-लाटणं लागत नाही. गव्हाचं बारीक चाळलेलं पीठ मीठ-पाणी घालून सैल भिजवायचं. इतकं सैल, की पाहणाऱ्याला वाटावं, बाईनं पाणी जास्त ओतलं. मग ते परातीत उचलून आपटायचं. उचलायचं, ताणायचं, आपटायचं. हात भरून येतात, तरी थांबायचं नाही. शेवटी पिठाला तार सुटते आणि ते रबरासारखं लोंबायला लागतं. त्यातला गोळा ओल्या हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर खेळवायचा. गोळा आधी तळहाताएवढा, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत लांबत जातो. शेवटी दोन्ही हातांवर पातळ ओल्या कपड्यासारखी रोटी लटकते, तिच्यातून पलीकडचा माणूस दिसतो. ती चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायची. मडकं चांगलं तापलेलं असलं की रोटी बघता बघता होते. ती काढायची, घडी घालायची, दुरडीत टाकायची. तोवर पुढचा गोळा हातावर पाहिजे.

म्हणजे या कामात मडकं कुंभाराचं, पीठ यजमानाचं, आणि आपले फक्त हात. मनगट, बोटं, कोपर. आणि मायचा आजार नेमका तिथंच आला.

मी सहावीत असेन. एका सकाळी मायची बोटं मिटेनाशी झाली. आधी वाटलं, लग्नसराईचा शिणवटा आहे. मग सांधे सुजले, लाल झाले. गावातल्या उपायांनी जमलं नाही तेव्हा बाबांनी तिला गोंदियाला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सांगितलं की हा सांध्यांचा वात आहे, जन्मभर सोबत राहील, औषधानं ताब्यात राहील पण जाणार नाही. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलतात आणि फार कमी बोलतात. त्यांनी फक्त विचारलं, "जनमभर म्हनजे किती?" डॉक्टर हसले म्हणे. माय सांगते की ती पण हसली होती, कारण प्रश्न बरोबरच होता.

तेव्हापासून आमच्या घराची सकाळ मायच्या हातांवर ठरायची. स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज आला तर दिवस चांगला. आवाज नसला तर मी आणि माझा धाकटा भाऊ पिंट्या न बोलता उठायचो. तो पाणी भरायचा, मी चूल पेटवायची. मी मायची वेणी घालायचे, तिच्या लुगड्याच्या निऱ्या खोचून द्यायचे. पिंट्या बाटल्यांची झाकणं उघडायचा. आठवड्याची एक गोळी ती रविवारी घ्यायची आणि सोमवारी तिला मळमळायचं. त्यामुळे सोमवारचा डबा पिंट्या करायचा, म्हणजे कच्चे पोहे आणि गूळ. शाळेत बाई म्हणायच्या, "किती समजूतदार पोरं आहेत!" लोकांना वाटतं मुलांना हे ऐकून आनंद होतो. होतो, थोडा होतो. पण समजूतदार पोरांना कोणी खेळायला बोलवत नाही.

तरी ती वर्षं वाईट नव्हती. माय लग्नांना जायची. हात दुखायचे, पण मांडवातून आली की तिच्याजवळ सांगायला खूप असायचं. कोणाची विहीण रुसली, कोणाच्या मामानं किती रोट्या खाल्ल्या. पिंट्या लगेच त्या मामाची नक्कल करायचा. बाबासुद्धा तोंड वळवून हसायचे.

वाईट झालं ते मी दहावीत होते तेव्हा. त्या उन्हाळ्यात तिच्यानं गोळा उचलवेना. एका लग्नात रोटी हातावरच फाटली, पुन्हा फाटली, आणि माय परात तशीच ठेवून घरी आली. मग आमंत्रण घेऊन जो येईल त्याला ती सांगायची, "नाही जमत जी आता." लोक चांगलेच बोलायचे. "आराम करा बाई. लई केलं तुमी. आता पोरं मोठे झाले." ते गेले की माय भिंतीकडे तोंड करून झोपायची.

आम्हाला दुखण्याची सवय होती, पण ही गोष्ट वेगळी होती. घरात कोणी कोणाची नक्कल करेना. मला अभ्यासाला बसलं की वाटायचं, माय पलीकडे जागी आहे आणि आपण पानं उलटतो त्याचा आवाज तिला ऐकू जातो आहे. मी हळू पानं उलटायला लागले. आता मागे वळून पाहते तेव्हा कळतं, बोटं तिची आखडली होती, पण त्यासोबत सगळं घर आखडलं होतं. तिच्या हातांचं काही करणं आमच्या हातात नव्हतं. तिला मडक्यापुढची जागा परत मिळाली पाहिजे, एवढंच आम्हा दोघांना कळत होतं. ती जागा गेली तर मायजवळ फक्त आजारच उरणार होता.

एका दुपारी पिंट्या तिच्यापुढे जाऊन बसला.

"माय, तुहे हात बिमार हायेत. तोंड तं बरं हाय ना?"

"काय म्हन्ला बे?"

"तू बसून सांगजो. हात आमी लावतो."

माय भिंतीकडून त्याच्याकडे वळली. मग हसली. किती दिवसांनी हसली होती. म्हणाली, "तुमी? तुमच्या हातानं कणीक मळल्या जात नाही, अन् लांब रोटी करता?" पण उठून बसली.

आमचं शिक्षण पिठावर सुरू झालं नाही. पीठ वाया घालवायला माय तयार नव्हती. तिनं आम्हाला गमछा दिला, ओला करून, पिळून. अंगणात उभं राहून तो ओला गमछा या हातावरून त्या हातावर टाकायचा. कोपर खाली आलं की माय बाजेवरून ओरडायची. आमच्या शेजारी रेवताकाकू राहतात. त्यांनी एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन विचारलंच.

"काऊन वं सुशीला, पोट्टे येडे झाले का? ओला गमछा कायले फेकून राह्यले?"

"वाऱ्यावर वारवून राह्यले," माय म्हणाली.

"दोरी नाही का घरात?"

"हाय ना. पन पोट्टे रिकामे हायेत."

गमछा जमला तेव्हा पीठ मिळालं. पीठ म्हणजे गमछा नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळलं. माझा गोळा कोपरावरून सरकून पायावर पडला. पिंट्याचा थेट कोंबडीवर पडला आणि ती कोंबडी पांढरी होऊन रेवताकाकूंच्या घरात शिरली. एकदा आम्ही नवीन मडकं सरळ मोठ्या आचेवर ठेवलं. नवीन मडकं आधी धानाच्या तुसाच्या धगीवर हळूहळू तापवावं लागतं, हे माय सांगणारच होती, पण आम्हाला घाई. मडकं असं फुटलं की बाबा मिलमधून आल्यावर पहिल्यांदा स्वतःहून बोलले, "काय झालं?" आमची रोटी बरेच दिवस रोटीसारखी दिसत नव्हती. बाबा ती मुकाट्यानं भाजीसोबत खायचे. मायला विचारलं, कशी झाली, तर ती म्हणायची, "भूक लागली असन तं बरी हाय."

ती शिव्या मात्र मनापासून द्यायची. मी हळू आवाजात सांगते आहे, पण त्या शिव्यांनी आमचं घर पुन्हा वसलं. सकाळी बोटं आखडलेली असली तरी ती उठायची, कारण आम्ही चुकीचं करत असू या काळजीनं तिला पडून राहवत नसे. आणि आमच्या हातालाही हळूहळू समजायला लागलं. एक दिवस माझ्या हातावर रोटी लटकली आणि तिच्यातून मला माय दिसली. तिनं शिवी दिली नाही, पिंट्याला म्हणाली, "आता तू घे." म्हणजे मी पास झाले होते.

पुढची अडचण माणसांची होती. माय म्हणाली, "लोक माह्या हाताची रोटी मांगतेत. पोट्ट्याईच्या हातची कोन मांगन? अन् समजलं का माह्यानं होत नाही, तं पुन्हा सुरू. आराम करा बाई, आराम करा." आराम हा शब्द ती असा म्हणायची जसं कोणी तिला गावाबाहेर जायला सांगत आहे.

म्हणून आम्ही कनातीची युक्ती काढली. मांडवात स्वयंपाकाच्या बाजूला कापडी आडोसा असतोच. त्याच्यामागे दुसरी चूल, दुसरं मडकं, मी आणि पिंट्या. कनातीच्या पुढे मायची चूल. ती कोपरापर्यंत पीठ माखून परातीपुढे बसायची, मधूनमधून पिठावर थाप मारायची आणि कनातीकडे तोंड न वळवता दबक्या आवाजात सूचना द्यायची. बाबा मागून दुरडी पुढे सरकवायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा बाई, हात तं अजून मशीनच हाय!" माय म्हणायची, "चालून राह्यलं जी, देवाच्या किरपेनं." कनातीमागे देवाची किरपा घामानं भिजलेली असायची.

अशी बरीच लग्नं निभावली. चिचगडकडच्या एका लग्नात तर हळद लागलेली नवरीच कनातीमागे आली. सकाळपासून तिला कोणी खायला दिलं नव्हतं. आम्हाला पाहून ती थबकली, आम्ही तिला पाहून थबकलो. मग ती म्हणाली, "मी कोनाले सांगत नाही. तुमी बी सांगू नका. गरम एक द्या." ती उभ्यानं खात असताना तिच्या हाताची हळद माझ्या गोळ्यावर ओघळली आणि एक रोटी पिवळी झाली. ती कोणाच्या पानात गेली कोण जाणे. बाहेरून आवाज आला, "सुशीलाबाई, ह्याच्यात काय घातलं? लय भारी दिसते!" माय म्हणाली, "नवरीच्या नावाची हाय ते."

हे सगळं मजेचं वाटतं, मजेचं होतंही, पण प्रत्येक लग्नात आमचा एक डोळा कनातीच्या फटीवर असायचा. आम्ही पकडले गेलो तर लोक रागावणार नव्हते. रागावले असते तर बरं. ते मायवर दया करणार होते, आणि प्रेमानं तिला कायमचं घरी बसवणार होते.

आणि आम्ही पकडले गेलो, ते कापगतेंच्या घरी.

कापगते आबाजी म्हणजे नवरीचे आजोबा. रोटीच्या बाबतीत हा माणूस कडक. गुडघ्यामुळे त्यांना पंगतीत खाली बसता येत नाही, म्हणून पंगतीच्या टोकाला त्यांची खुर्ची आणि पुढे स्टुलावर ताट. ते रोटी आधी पाहतात, मग घडी उघडतात, मग हुंगतात आणि मग खातात. त्या दिवशी त्यांनी रोटी पाहिली आणि घडी उघडलीच नाही.

"ही रोटी सुशीलाची नाही," ते म्हणाले.

वाढणारा म्हणाला, "आबाजी, बाई तिथंच बसून करून राह्यली ना."

"मंग घडी काऊन उलटी?"

आता हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पिंट्या डावखुरा आहे. मडक्यावरून रोटी काढून तो घडी घालतो ती डाव्या हातानं, त्यामुळे घडीचं तोंड दुसऱ्या बाजूला येतं. मायची रोटी ताटात ठेवली की उजव्या हाताला उघडते. पिंट्याची डावीकडे उघडते. मायनं आमचं कोपर पाहिलं, मनगट पाहिलं, आच पाहिली. घडी पाहिली नाही. इतकी वर्षं मांडवात कोणी घडीकडे पाहिलं नव्हतं, आबाजी सोडून.

तरीही निभावलं असतं. माय चुलीपुढे असती तर तिनं काहीतरी सांगितलं असतं. पण माय जागेवर नव्हती. नवरीच्या आजीनं तिला हाक मारून बोलावलं होतं. आजीचा गुडघा जुना दुखणाईत. दोघी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर बसल्या होत्या आणि कोणाचं दुखणं मोठं यावर त्यांचं अगदी रंगात आलं होतं.

"माहा गुडघा पाय, हंड्यावानी झाला," आजी सांगत होती.

"तुमचा गुडघा एकच हाय ना आजी? माहे दाही बोटं पाहा."

आबाजी खुर्चीवरून उठले आणि काठी टेकत चुलीकडे निघाले. वाटेत त्यांना बाजेवर माय दिसली. पान लावत होती. ते थांबले. त्यांनी मायकडे पाहिलं, मग पंगतीकडे पाहिलं. पंगतीत बाबा गरम रोट्यांची भरलेली दुरडी घेऊन येत होते.

"सुशीला तं इथं बसून पान लावून राह्यली," आबाजी मोठ्यानं म्हणाले. "मंग रोट्या कोन करून राह्यला?"

मायच्या हातातलं पान खाली पडलं. ती उठेपर्यंत आबाजींनी काठीनं कनात वर केली होती.

मी हातावर रोटी घेऊन उभी होते, कोपरापासून कोपरापर्यंत. अशा वेळी माणूस हात जोडू शकत नाही, पळू शकत नाही, तोंडही लपवू शकत नाही. पिंट्या मडक्याजवळ ओणवा होता, त्याच्या नाकाला पीठ लागलेलं. पंगतीतले लोक माना वळवून पाहत होते. नवरीचे वडील धावत आले. त्यांना सगळं एका नजरेत समजलं, आणि ते चांगले माणूस आहेत म्हणूनच त्यांनी ते वाक्य म्हटलं.

"बाई, हातानं होत नव्हतं तं सांगाचं होतं. कायले तरास घेतला? घरी आराम कराचा."

मला वाटलं, संपलं. माय समोर उभी होती, मनगटापासून कोपरापर्यंत वाळलेलं पीठ, जे तिनं सकाळपासून काहीही न करता माखून ठेवलं होतं. सगळे तिच्याकडे पाहत होते. आणि माझे हात घाबरून खाली यायला लागले, त्यांच्यासोबत रोटी खाली ओघळायला लागली.

"वैशू!" माय ओरडली. "कोपर वर! फाटन ना ते!"

माझं कोपर आपोआप वर गेलं.

"आता सोड. मडक्यावर सोड. पाह्यतं काय तोंडाकडं! पिंट्या, आच कमी कर, मडकं लाल होऊन राह्यलं. लाकूड ओढ मागं. अवं, घे दुसरा गोळा, पंगत बसली हाय का उठली?"

आम्ही कामाला लागलो. दुसरं काही सुचलंच नाही. माय कनातीच्या अलीकडे येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि तिचं तोंड सुरू झालं. आतापर्यंत जे दबक्या आवाजात चालायचं ते आता सगळ्या मांडवाला ऐकू जात होतं. पोरं जमली, मग बाया जमल्या. कोणीतरी मायला खुर्ची आणून दिली, ती बोलता बोलताच बसली. माझ्या हातावरून रोटी मडक्यावर गेली की पोरं "हो!" करून ओरडायची. नवरीचे वडील अजून तिथंच उभे होते. आराम करणारी बाई त्यांना कुठं दिसत नव्हती.

आबाजींनी पिंट्यानं नुकतीच काढलेली एक रोटी उचलली. पाहिली. हुंगली. एक तुकडा तोडून खाल्ला. आम्ही दोघंही हात थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"सुशीला," ते म्हणाले, "पातळ बराबर हाय. आच बराबर हाय. मीठ बराबर हाय. पन या पोट्ट्याची घडी उलटी पडून राह्यली."

माय म्हणाली, "तो डावखोरा हाय आबाजी. त्याची घडी तशीच पडन. तुमी ताट फिरवून घ्या."

आबाजींशी असं कोणी बोलत नाही, त्यांची मुलंसुद्धा नाही. आबाजी वळले, काठी टेकत आपल्या खुर्चीकडे गेले, बसले. स्टुलावरचं ताट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच फिरवलं. रोटी आता उजवीकडे उघडत होती.

"हं," ते म्हणाले. "आता जमलं. आन दुसरी."

लोक असे हसले की वाजंत्रीवाले काय झालं ते पाहायला आत आले. त्या गोंधळात मांडवाच्या टोकावरून आजीची हाक आली, "अवो सुशीला, माहं गुडघ्याचं अर्धंच सांगून झालं! येतं का नाही?"

माय खुर्चीवरूनच ओरडली, "आता नाही जी आजी! आता मी कामावर हाव."

त्या दिवसानंतर कनात लागली नाही. आता आमंत्रण द्यायला येणारे लोक आधीच सांगतात, "बाई, खुर्चीची सोय करून ठेवली हाय." काही जणांना तर रोटीपेक्षा मायच्या शिव्या ऐकण्यात जास्त गोडी आहे, असा मला संशय आहे. मी गोंदियाला कॉलेजात आले तेव्हा मला काळजी होती की माझ्या जागी कोण उभं राहील. तर एक दिवस फोनवर पिंट्या म्हणाला, "रेवताकाकू अंगणात ओला गमछा फेकून राह्यली." मी इतकी हसले की वसतिगृहातल्या मुली विचारायला लागल्या, क्या हुआ, क्या हुआ. इथं शहरात बहुतेक हिंदीच चालते. मी त्यांना लांब रोटीचं सांगायला गेले, पण हिंदीत ते नीट जमलं नाही.

माय बरी झाली आहे असं मात्र लिहिता येणार नाही. मागच्या हिवाळ्यात तिचे हात पुन्हा फार सुजले होते, डॉक्टरांनी औषध बदललं. सोमवारी अजूनही तिला मळमळतं. मला मेसमध्ये आयती पोळी मिळते तेव्हा कधी कधी ताट बाजूला ठेवून मी घरी फोन लावते. ज्यांच्या घरी आई किंवा वडील असे जन्माचे आजारी आहेत, अशी मुलं माझ्या वर्गात आणखी आहेत. मी त्यांना ओळखते. ती फार शहाणी असतात आणि फोन वाजला की दचकतात. त्यांना काही सांगावं एवढी मी मोठी नाही. फक्त आमच्या घरी काय झालं ते सांगते.

आम्ही दोघं भावंडं कधी आपलं दुखणं घरात बोलत नव्हतो. डोकं दुखलं, ताप आला, तरी नाही. मायचं एवढं दुखत असताना आपलं काय सांगायचं? असं कोणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप आलं होतं. यंदाच्या उन्हाळ्यात मी परीक्षा देऊन घरी आले आणि लगेच आम्ही तिघं एका मोठ्या लग्नाला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंट्या उठला आणि अंगणात उभा राहून सरळ म्हणाला, "माय, माही कंबर लय दुखून राह्यली."

मी चमकून मायकडे पाहिलं. तिची बोटं त्या सकाळी मिटत नव्हती. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. पण तिचा चेहरा असा खुलला की जणू पिंट्यानं तिला पहिला नंबर आल्याचं सांगितलं.

"दुखते का? झोप मंग. चटई टाक. पालथा झोप."

"हातानं कसं दाबतं तू?"

"हातानं कोन दाबते? माहे पाय तं चांगले हायेत."

तिनं माझा खांदा धरला, दुसरा हात दाराच्या चौकटीला टेकवला आणि पिंट्याच्या कमरेवर एक पाय ठेवला. मग दुसरा. पिंट्या ओरडला, हसला, पुन्हा ओरडला. बाबा दात घासायचे थांबून पाहत राहिले. रेवताकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "आता काय वारवून राह्यली वं?"

"पोट्टा," माय म्हणाली आणि मग खाली पिंट्याला विचारलं, "बरं वाटून राह्यलं का?"

"थोडं डावीकडं घे," पिंट्या म्हणाला.

त्याचं झालं तशी ती माझ्याकडे वळली. "तुहं काय दुखते वं वैशू? लाजू नको. माहे पाय गरम झाले हायेत, आताच सांग."

मी खरं ते सांगितलं. "मान."

माय विचारात पडली. एकदा माझ्या मानेकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे.

"मानेवर पाय देत नसतेत," ती म्हणाली. "दुसरं काई दुखत असन तं सांग."